पैठण रोडच्या बसला बर्फाचे टायर

“मग तुमच्या गाड्यांना विंटर टायर शून्य का?” क्रिस्टिनने स्क्रीनवरून तिसऱ्यांदा विचारलं.

मी तिसऱ्यांदा सांगितलं, “कारण इथे बर्फ पडत नाही.”

“पण नोव्हेंबर ते मार्च तुमच्याकडे हिवाळा असतो ना?”

“असतो.”

“मग?”

या ‘मग’चं काय उत्तर द्यायचं? शेजारी आमचे प्लांट हेड भालेराव सर बसले होते. त्यांनी माइक बंद केला आणि मला म्हणाले, “मॅडम, वाद घालू नका. लावतो म्हणा.” मी म्हटलं, “सर, कशाला लावायचे?” ते म्हणाले, “गाडीला.”

मी बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अ‍ॅडमिन आणि ट्रान्सपोर्ट बघते. म्हणजे कँटीनच्या वरणात पाणी जास्त झालं, बाथरूमचा नळ गळला किंवा बस उशिरा आली, की फोन मला येतो. आमची मूळ कंपनी युरोपातल्या एका थंडगार देशात आहे. क्रिस्टिन तिथली सेफ्टीची मुख्य. त्यांच्याकडे हिवाळ्यात गाडीला विंटर टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. तोच कायदा त्यांनी उचलून कंपनीच्या पॉलिसीत टाकला आणि पुढे जोडलं, ‘जगात कुठेही’. कंपनीच्या कामावरचं प्रत्येक वाहन, मालकीचं असो की भाड्याचं, हिवाळ्यात विंटर टायरवरच चाललं पाहिजे. नाहीतर ऑडिटमध्ये लाल शेरा. आम्हाला तो शेरा आला होता.

विंटर टायर म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. साधं रबर कडाक्याच्या थंडीत कडक होतं आणि रस्ता धरत नाही. म्हणून तिकडे मऊ रबराचे टायर करतात. खाचा खोल, आणि खाचांच्या मधल्या रबरावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा. त्या चिरा बर्फ पकडतात. ओळख म्हणून टायरच्या बाजूवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली असते. हाच टायर आपल्या उन्हात पळवला, तर खोडरबरासारखा झिजतो आणि ब्रेकही लांब लागतो. आमचा हिवाळा म्हणजे सकाळी स्वेटर घालायचा आणि दहा वाजता तो कुठे ठेवायचा ते बघायचं. हे सगळं मी मेलमध्ये लिहून पाठवलं. तापमानाचा तक्ता जोडला. उत्तर आलं, ‘माहितीबद्दल आभार. टायर कधी लागतील?’

मला संताप यायचा तो वेगळ्याच कारणाने. टायरचा एक खरा प्रश्न माझ्याकडे दिवाळीआधीपासून पडून होता, आणि त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पैठणहून पहिल्या शिफ्टच्या बायकांना घेऊन येणाऱ्या बसचे टायर गोटा झाले होते. गोटा म्हणजे पार गुळगुळीत, ग्रिप संपलेले. हे मला सविताने सांगितलं. सविता आमच्या असेंब्ली लाइनवर काम करते. ढोरकीनच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची वस्ती आहे. घरात मेंढरं. नवरा आणि दीर मेंढरं घेऊन लांब लांब जातात, सासरे धोंडिबा वयामुळे आता घरी असतात. बस त्यांच्या दारासमोरच थांबते.

“मॅडम, आमचे मामंजी म्हणतात, गाडीचं टायर पार गोटा झालंय. माझ्या टकलावर तरी चार केसं हायेत, म्हणतात.”

मी हसले. ती हसली नाही.

“टायर बदललं नाय तर कामाला जायचं नाय, असं बी म्हणतात.”

सविता मार्चअखेर कायम होणार होती. मधे सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. तिच्या घरात पगाराची पावती आणणारी ती पहिलीच बाई, आणि सासऱ्यांनीच भावकीची बोलणी खाऊन तिला पाठवलं होतं. तेच आता अडवणार होते. आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

मी बसच्या कॉन्ट्रॅक्टरला, दादारावांना, फोन केला होता. ते म्हणाले, “दिवाळी हून जाऊ द्या ताई.” दिवाळी झाली. “लग्नसराई हाय, गाड्या अडकल्यात.” मग म्हणाले, “संक्रांतीला बघू.” दादारावांवर आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही. त्यांची जमीन वसाहतीत गेली. जमीन गेलेल्यांना काम द्यायचं या बोलीवर कंपनीने त्यांच्या बस लावल्या. ते अधूनमधून आठवण करून देतात, “ताई, तुमची कँटीन जिथं हाय ना, तिथं माझी मोसंबी व्हती.” भालेराव सरांकडे गेले तर ते म्हणाले, “कॉन्ट्रॅक्टरचे टायर हा कॉन्ट्रॅक्टरचा विषय आहे.”

पण विंटर टायर म्हटल्यावर तोच विषय रातोरात कंपनीचा झाला. लाल शेरा भालेराव सरांच्या नावापुढे लागला होता ना. त्यांनी दादारावांना बोलावलं आणि सांगितलं, खर्च कंपनीचा. दिवाळीपासून ज्यांना साधे टायर जमत नव्हते, ते दादाराव खुर्चीत पुढे सरकले.

“लावू की सर. विंटर तर विंटर. माझा साडू मनालीकडं टूर नेतो, त्याच्या वळखीनं मागवतो.”

“दादाराव, त्यापेक्षा साधे नवे टायर सगळ्या गाड्यांना लावा,” मी म्हटलं.

“मॅडम,” भालेराव सर म्हणाले, “क्रिस्टिनला साधे नकोयत.”

टायर आले. खरंच आले, डोंगर-चांदणीचे. दादाराव म्हणाले, सगळ्या गाड्या एकदम उभ्या केल्या तर शिफ्ट कशी येणार? रोज एक गाडी दाखवायला आणतो. मलाही ते पटलं. मी फोटो काढायचे, तपासून सही करायची आणि क्रिस्टिनला पाठवायचं असं ठरलं.

सोमवारी पहिली गाडी गेटवर आली. दादारावांनी नारळ आणला होता. त्यांच्या घरची पद्धत अशी की नव्या टायरला हळदीकुंकू नाही, तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, त्यांच्या मारुतीला लावतात तसा. मला म्हणाले, “ताई, कंपनीच्या हातानं लागू द्या.” मी वाकून टायरच्या बाजूवर स्वस्तिक काढायला गेले. तेल जास्त झालं होतं. अंगठा सटकला आणि स्वस्तिकाच्या एका पायाला वीतभर शेपूट आलं. दादाराव म्हणाले, “असू द्या, मारुतीचंच हाय.” सगळे हसले. मी फोटो काढला, सही केली.

मंगळवारी दुसरी गाडी आली. शेंदूर आधीच लावलेला होता. पद्धत त्यांची, त्यांनी घरी लावला असेल, म्हणून मी फोटो काढायला वाकले. स्वस्तिकाच्या एका पायाला वीतभर शेपूट.

मी फोटो काढला. आपल्यालाच भास होतोय असं वाटलं. बुधवारी पैठणची बस आली. सविताच्या वस्तीवरची. उतरणाऱ्या बायका नव्या टायरकडे बघून खूश होत होत्या. सविता मला लांबूनच म्हणाली, “मॅडम, झालं बाई एकदाचं!” मी फोटो काढायला टायरपाशी गेले. धुळीने शेंदूर मळला होता, पण शेपूट होतं तिथेच होतं.

आता हे समजून घ्यायला एक गोष्ट सांगायला हवी. गाडीचं फिटनेस पासिंग असतं, तेव्हा टायर बघतात. काही गाडीवाले त्या दिवसापुरते चांगले टायर चढवतात. पासिंग झालं की उतरवतात आणि पुढच्या गाडीला लावतात. याला पासिंगचा सेट म्हणतात. तो भाड्यानेही मिळतो. एका सेटवर अख्ख्या गल्लीतल्या गाड्या पास होतात. हे मला ऐकून माहीत होतं. आपल्या गेटवर, आपल्याच अंगठ्याच्या शेपटासकट बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

“दादाराव, हा टायर सोमवारी पहिल्या गाडीला होता.”

“नाय ओ ताई.”

“हे शेपूट माझ्या हाताचं आहे.”

त्यांनी वाकून शेपूट बघितलं. मग ताठ उभे राहिले आणि जराही न लाजता म्हणाले, “व्हय. आता तुमीच सांगा ताई, बिडकीनला बर्फ पडतो का?”

“नाही.”

“मग सगळ्या गाड्यायला बर्फाचे टायर कशाला? तुमच्या गोऱ्या मॅडमला फोटू पायजे. फोटूपुरता एक सेट बास झाला. पासिंगला बी आपण हेच करतो.”

“आणि उद्या या गाडीला काय लावणार?”

“जे व्हते तेच.”

मला राग आला, पण त्यांना खोटंही पाडता येईना. कारण इथे बर्फाचे टायर म्हणजे वेडेपणा आहे, हे मीच महिनाभर क्रिस्टिनला ओरडून सांगत होते. दादाराव तेच म्हणत होते. फक्त त्यांनी त्याच्यावर तोडगाही काढला होता.

भालेराव सरांना सांगितलं. ते म्हणाले, “सही करून पाठवून द्या.”

“सर, हे खोटं आहे.”

“मुळात ती पॉलिसीच इथे खोटी आहे. खोट्या प्रश्नाला खोटं उत्तर. सगळे खूश.”

“पैठणच्या बसला रात्री गोटा टायर परत चढतील.”

“ते आधीपासूनच आहेत ना? आजवर काही झालंय का?”

मी सही केली नाही. उद्या बघू म्हटलं आणि घरी गेले. घरी नवऱ्यावर उगाच ओरडले. त्याने फक्त भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात क्रांती चौकाच्या सिग्नलला माझी गाडी थांबली असताना पैठणच्या बसच्या ड्रायव्हरचा, गणपतचा, फोन आला. पहाटे अवकाळी भुरभुर झाली होती. पैठण रोडला या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. शेतातून रस्त्यावर चढताना ट्रॉलीच्या चाकांबरोबर काळी माती येते, रस्ताभर सांडते, वाळून बसते. वरून पाणी पडलं की तिचं लोणी होतं. समोर उभी ट्रॉली दिसल्यावर गणपतने ब्रेक दाबला आणि बस ब्रेक लागूनही सरकत गेली. मागून आडवी झाली, ट्रॉलीतल्या उसात काच घुसली आणि थांबली. पुढच्या सीटवर सविता होती. तिच्या हनुवटीला काच लागली, टाके पडले. बाकी बायका घाबरल्या, मुका मार लागला, एवढंच. आणखी दोन हात सरकली असती तर बाजूला कालवा होता.

दवाखान्यातून मी सविताला घरी सोडायला गेले. धोंडिबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सुनेची पट्टी बघितली, तिला आत जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“मॅडम, तुमी बसता का त्या गाडीत?”

“नाही. मी शहरात राहते. मला कंपनीची कार असते.”

“मंग उद्या बसा. इथून बसा. त्याच्यानंतर सांगा, सुनेला धाडू का नको.”

मी गेले. पहाटे उठून त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले. दादारावांनी बदली बस पाठवली होती आणि तिचे टायर आधीच्या बसचे सख्खे भाऊ होते. मी ड्रायव्हरशेजारी बसले आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. धरणाकडून आलेलं धुकं इतकं की समोरचं दिसेना. मधेच धुक्यातून उसाच्या ट्रॉलीची मागची बाजू यायची, ना दिवा, ना रेडियम. रस्त्यावर चिखलाचे पट्टे. गणपत ब्रेक हळूहळू दाबत होता. मी म्हटलं, “नेहमी असंच का?” तो म्हणाला, “उसाचा सीझन संपंपर्यंत असंच. जोरात दाबला की मागून नाचती. हळू दाबायचा, बाकी देव बघतो.” एका वळणाला बस खरंच नाचली. माझ्या तोंडातून ओरडा निघाला. मागच्या बायका हसल्या. त्यांना सवय होती. मला त्या सवयीचाच जास्त राग आला.

त्या दिवशी मी भालेराव सरांना न विचारता क्रिस्टिनला कॉल लावला. आधी शेपटाचे तीन फोटो दाखवले आणि त्यांचा अर्थ सांगितला. मग रस्त्याचं शूटिंग लावलं. तिने ते पूर्ण बघितलं. ट्रॉली धुक्यातून बाहेर आली तेव्हा ती खुर्चीत मागे सरकलेली मला दिसली.

“हे कोणत्या महिन्यातलं आहे?”

“आजचं. दर हिवाळ्यात असंच असतं.”

“मग तुमच्याकडे हिवाळा आहे,” ती म्हणाली. “तुम्ही महिनाभर मला फक्त बर्फ नाही एवढंच सांगत होता.”

मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण बाईचं बरोबर होतं. बर्फ आहे की नाही यावर आम्ही दोघी भांडत बसलो होतो आणि चिखल आमच्या मधे पडला होता. तिने विचारलं, “तिथे कोणता टायर लागतो?” मी म्हटलं, “साधा. फक्त नवा. आणि सगळ्या गाड्यांना एकाच वेळी.”

पॉलिसीत आमच्या प्लांटपुरता बदल झाला. ऊस चालू असेतोवर प्रत्येक बसचे टायर ठरलेल्या खोलीचे हवेत. खाच मोजायचं एक छोटं गेज येतं, ते घालून मोजायचं. दिवस आधी सांगायचा नाही. मोजणारीने म्हणजे मी त्या सकाळी त्याच बसने यायचं. कमी भरलं तर गाडी परत. या सगळ्याला नाव मात्र ‘विंटर टायर’च राहिलं, कारण नाव बदलायला आणखी एक कमिटी बसली असती.

दादाराव भडकले. “ताई, माझी मोसंबी व्हती तिथं!” मी म्हटलं, “दादाराव, मोसंबीबद्दल मला वाईट वाटतं. टायर बदला.” दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या बस नव्या टायरवर आल्या. प्रत्येक टायरला वेगळा शेंदूर होता. ते मी नीट बघून घेतलं. बर्फाचा सेट त्यांच्या शेडमध्ये पडला आहे, त्यात कोंबड्या बसतात. भालेराव सरांचा लाल शेरा गेला. आमच्या ‘पुढाकाराबद्दल’ त्यांना अभिनंदनाची मेल आली. मला कॉपीत ठेवलं होतं.

ओळखीचे लोक हा किस्सा ऐकून विचारतात, मग टायरची सक्ती असावी की नसावी? असावीच. तिकडे बर्फाची, इकडे चिखलाची. पण तारीख सांगून तपासायला येणार असाल, तर सक्ती करू नका. तेवढाच पासिंगच्या सेटचा धंदा वाढतो.

मेमध्ये, बाहेर डांबर वितळत असताना, युरोपातून आपोआप जाणारी मेल आली, ‘कृपया विंटर टायर काढून उन्हाळी टायर लावल्याची खात्री करावी.’ मी लिहिलं, ‘खात्री केली आहे.’ टायर तेच होते.

सविता आठवड्याने कामावर आली आणि मार्चअखेर कायम झाली. हनुवटीवर व्रण राहिला आहे. मला त्या बसने जायची पाळी येते तेव्हा मी धोंडिबांच्या ओट्यापाशी उभी राहते. बस थांबली की ते आधी उठतात. काठीचं टोक टायरच्या खाचेत घालतात, मागे जाऊन आतल्या चाकाचंही बघतात. बस, ड्रायव्हर, बायका, सगळे तेवढा वेळ थांबतात. मग ते सुनेला म्हणतात, “हं, बस.” उन्हाळा असो, ऊस संपलेला असो, एक दिवस खाडा नाही.

परवा दादाराव वैतागून म्हणाले, “ताई, त्या म्हाताऱ्याला काय अधिकार हाय माझी गाडी तपासायचा?”

मी म्हटलं, “त्यांची सून बसते तिच्यात.”

पॉलिसीत हे एक वाक्य घालायचं राहून गेलं. ते घातलं असतं, तर बाकीची पानं लागलीच नसती.